वाजवून न घेतलेली गाडी

खात्यात त्याला सगळे तोळामासा म्हणत. अंगकाठी फुंकर मारली तर उडेल अशी आणि नोकरी वजनमापं तपासण्याची. असा योग जुळून आल्यावर दुसरं नाव शोधायचे कष्ट कोण घेणार? पस्तीस वर्षं त्याने दुकानादुकानांतली वजनं पालथी घातली. लोखंडी वजनाच्या बुडाशी एक खोलगट भोक असतं. त्यात शिसं ओतलेलं असतं आणि त्या शिशावर सरकारी शिक्का. लबाड दुकानदार काय करतो, तर ते शिसं कोरून काढतो आणि भोकाच्या तोंडावर शिशाचाच पातळ पापुद्रा चढवतो. शिक्का दिसतो, वजन दिसतं, फक्त आतला माल गायब. तोळामासा असं वजन तराजूत टाकायच्या आधीच बोटाच्या पेराने एकदा वाजवायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि म्हणायचा, "पोकळ." मग दुकानदाराने कितीही आणाभाका घेतल्या तरी त्या वजनावर फुली पडायचीच.

दुकानदारांचं उत्तरही पस्तीस वर्षं एकच होतं. "साहेब, शिक्का तर आहे ना? उघडून कोण बघतंय?" हे वाक्य त्याने इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की समोरच्याचे ओठ हलायला लागले तरी तो मनातल्या मनात ते पुरं करून टाकायचा.

ही वाजवायची खोड घरातही सुटली नाही. दार, डबा, भिंत, लाकडी खुर्ची, काहीही नवं दिसलं की याचं बोट तिकडे गेलंच. शेजारचे लोक बाजारातून कलिंगड आणलं की आधी याच्याकडे घेऊन यायचे. कलिंगड सोडलं तर पोकळ वाजून चांगली निघालेली वस्तू मी पाहिली नाही, असं तो म्हणायचा, आणि हा विनोद दर उन्हाळ्यात नवा असल्यासारखा सांगायचा.

त्याच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. धाकटी बहीण त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. वय एकोणपन्नास, पण याच्या लेखी ती अजून छोटीच. दोघांचा स्वयंपाक तिच्याकडे व्हायचा, भांडी हा घासायचा. छोटीने वीस वर्षं एका गणवेशांच्या कारखान्यात कापड बेतण्याचं काम केलं होतं. कारखाना बंद पडला आणि ती घरी बसली. सात महिने तिचे हात नुसते शिवशिवत होते. पडदे उसवून पुन्हा शिवून झाले, दादाच्या सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरी उलटवून झाल्या, आणि मग ती खिडकीत बसून रस्ता बघायला लागली. तिचं ते खिडकीत बसणं तोळामाशाला बघवायचं नाही.

गाडी त्याने निवृत्त झाल्यावर घेतली. आयुष्यातली पहिलीच. आठ वर्षं वापरलेली, डिझेलवर चालणारी, राखाडी रंगाची. विकणारा एक गॅरेजवाला होता. त्याचं हसू चेहऱ्यावरून कधी उतरत नसे, म्हणून त्याला हसऱ्या म्हणत. पण त्या दिवशी तोळामाशाने हसऱ्यालाही घाम फोडला. पाच लिटरच्या प्रमाणित मापाने डिझेल ओतून इंधनाचा काटा ताडून पाहिला. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत मीटर बरोबर पळतो का ते पाहिलं. चाकांतली हवा स्वतःच्या मापकाने मोजली. शेवटी ट्रकांच्या वजनकाट्यावर गाडी चढवली. वजन गाडीच्या पुस्तकात छापलं होतं तेवढंच भरलं. तेव्हा कुठे स्वारी खूश झाली. घरी येऊन छोटीला म्हणाला, सगळी मापं चोख आहेत. आता मापं चोख म्हणजे माल चोख, असं मानणारा माणूस पस्तीस वर्षं त्याच खात्यात कसा टिकला, हे आपण त्याला विचारायला नको. ते त्याने पुढे स्वतःलाच पुष्कळ वेळा विचारलं.

चार महिने गाडी छान पळाली. मग एका शाळेने नदीपलीकडच्या सहा मुलांना रोज आणायला-सोडायला स्वतःची गाडी असलेलं माणूस हवं म्हणून चौकशी सुरू केली. छोटीला गाडी उत्तम चालवता यायची, प्रवासी नेण्याचा परवानाही तिने घरी बसल्या-बसल्या काढून ठेवला होता. तोळामासा लगेच म्हणाला, माझी गाडी तुझ्या नावावर करू, मला कुठे रोज फिरायचंय? शाळेने होकार दिला. बुधवारी एक चाचणी फेरीही झाली. सोमवारपासून काम सुरू. अट एकच होती, शनिवारी दुपारपर्यंत गाडीच्या वार्षिक तपासणीचा दाखला शाळेत पोचला पाहिजे. तोपर्यंत भरवसा म्हणून तोळामाशाने शाळेला एका ओळीची चिठ्ठी लिहून दिली होती: ही गाडी मी स्वतः तपासली आहे. खाली सही, आणि सहीखाली जुना हुद्दा. हुद्दा लिहायची काही गरज नव्हती, पण हात थांबला नाही.

छोटी तर हवेतच होती. तिने सहा मुलांची नावं पाठ केली, सीटांना कापडी खोळी शिवल्या, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची. शेजारणीने विचारलं, जुनी गाडी, मध्येच बंद पडली तर? छोटी म्हणाली, दादाने बघितली आहे ना, मग झालं.

शुक्रवारी दुपारी तोळामासा तिला गाडीतले दिवे शिकवायला बसला. ती चालकाच्या जागी, हा शेजारी, मांडीवर गाडीचं पुस्तक. दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा सुरू केला की क्षणभर सगळ्या घरांत आठ-आठ-आठ उमटतं. आकड्याची एखादी काडी मेली असेल तर आठाचा सहा किंवा शून्य दिसेल आणि गिऱ्हाईक फसेल, म्हणून काटा आधी स्वतःला असा तपासून घेतो. गाडीचंही तसंच असतं, हे त्याने छोटीला समजावलं. किल्ली अर्धी फिरवली की सगळे इशाऱ्याचे दिवे तीन सेकंद लागले पाहिजेत. पुस्तकात त्यांची चित्रं ओळीने दिली होती. छोटीने किल्ली फिरवली, याने मोजले. अकरा. पुन्हा फिरवायला लावली. पुन्हा अकरा. पुस्तकात बारा होते.

न लागलेल्या दिव्याचं चित्र होतं एक डबी, आणि डबीच्या आत ठिपके. पुस्तक सांगत होतं की हा काजळीच्या फिल्टरचा दिवा. डिझेलच्या धुरातली बारीक काजळी हा फिल्टर आत अडवून धरतो आणि अधूनमधून जाळून टाकतो. तो तुंबला की दिवा लागतो.

"एखादा बल्ब गेला असेल," छोटी म्हणाली.

"असेल," तो म्हणाला. तिला शाळेत जाऊन एक अर्ज भरायचा होता. तिथे जायच्या आधी ती कपडे बदलायला घरात गेली. हा गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

खिशातला पांढरा रुमाल त्याने बोटाला गुंडाळला आणि धुराच्या नळीत घालून फिरवला. रुमाल काळाकुट्ट झाला. नळी काळी आहे हे त्याला आधीच माहीत होतं, गाडी धुताना हात काळे व्हायचेच. डिझेल म्हटल्यावर काजळी असायचीच असं धरून तो चालला होता. आता पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं की आत फिल्टर असेल तर नळी जवळजवळ स्वच्छ राहते.

अंगणात जुनी सतरंजी पसरून तो गाडीखाली सरकला. इंजिनाच्या पाठीमागे नळीवर एक मोठा गोल डबा होता, पुस्तकातल्या चित्रातल्यासारखाच. डब्याभोवती वेल्डिंगची एक शिवण फिरली होती. कारखान्यातली शिवण सरळ असते, ही थोडी नागमोडी होती आणि वर रंग मारलेला होता. त्याने बोटाचं पेर वर केलं, आणि क्षणभर वाजवायचा धीर होईना. मग वाजवलं. रिकाम्या पत्र्याच्या पिंपासारखा डबा वाजला. त्याने दुसऱ्या बाजूने वाजवलं, तिसऱ्या बाजूने वाजवलं. वजनाला एकदा वाजवून निकाल देणारा हा माणूस त्या डब्याला सात-आठ वेळा वाजवत राहिला, कुठूनतरी भरीव आवाज येईल म्हणून.

आतला माल असून असून किती किलोचा? चार-पाच. ट्रकांचा काटा वीस किलोच्या पटीत वजन दाखवतो. त्याच्या आतलं त्या काट्याला दिसतच नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्याने स्वतः असल्या काट्यांना शिक्के मारले होते.

तिथून तो तडक हसऱ्याच्या गॅरेजात गेला. हसऱ्या हसत-हसतच बाहेर आला. नाकबूल काहीच केलं नाही. आधीच्या मालकाचा फिल्टर तुंबला होता, नवा घालण्याऐवजी त्याने डबा कापून आतली जाळी काढून टाकली आणि डबा परत जोडून घेतला. गाडीच्या संगणकालाही तशी समज देऊन ठेवली की फिल्टरबद्दल काही बोलायचं नाही, दिवाही लावायचा नाही. अशा गाड्या रस्त्यावर कितीतरी आहेत, उलट इंजिन मोकळं पळतं, असं हसऱ्याचं म्हणणं. नवा फिल्टर मागवायचा तर तीन आठवडे लागतील. आणि मग हात पुसत तो म्हणाला, "साहेब, डबा तर जागेवर आहे ना? उघडून कोण बघतंय?"

तोळामाशाने त्याचे ओठ हलताना पाहिले आणि वाक्य मनात आधीच पुरं झालं. फरक इतकाच की आजवर हे वाक्य फुली मारायच्या आधी ऐकू यायचं. आज ते ऐकून त्याला, खरं सांगायचं तर, जरा बरं वाटलं. याची त्याला लाज वाटली, पण बरं वाटलंच.

कारण दुसऱ्या पारड्यात छोटी बसली होती. तीन आठवडे शाळा थांबणार नव्हती. दाखला नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे पुन्हा ती खिडकी. आणि दादाने बघितलेली गाडी पोकळ निघाली हे तिला सांगायचं कोणत्या तोंडाने?

पहिल्या पारड्यात काय होतं? गॅरेजातून परतताना त्याला बुधवारी स्वतः तिथे उभं राहून पाहिलेली चाचणी फेरी आठवली. शाळेच्या फाटकाशी गाडी फार वेळ उभी करता येत नाही, म्हणून छोटीने इंजिन चालूच ठेवलं होतं. सहाही मुलं मागे जाऊन डिकीतून आपापली दप्तरं काढत होती. सगळ्यात लहान मुलगी तिथेच खाली बसून बुटाची नाडी बांधत होती आणि तिला ती बांधता येत नव्हती. घरी आल्यावर त्याने खिशातली टेप काढून नळीची उंची मोजली. जमिनीपासून बत्तीस सेंटिमीटर. नाडी बांधणाऱ्या मुलीचं तोंड किती उंचीवर असतं, हे मोजायला त्याला टेप लागली नाही.

त्या संध्याकाळी जेवताना छोटी बोलत होती आणि हा ताटात बघत होता. तिने दोनदा विचारलं, बरं नाही का? तो म्हणाला, जरा पित्त झालंय. भांडी घासताना एक कप त्याच्या हातून फुटला. छोटीने तुकडे गोळा केले आणि काही बोलली नाही. एरवी अशा वेळी ती दहा मिनिटं बोलली असती.

शनिवारी सकाळी दोघं तपासणी केंद्रावर गेले. गाडी नावावर करायच्या कागदावर छोटीची सही लागणार होती, म्हणून तिलाही यावं लागलं. पत्र्याचं उंच छप्पर, खाली तीन रांगा, प्रत्येक रांगेत जमिनीत खोदलेला लांबट खड्डा, वर गाडी उभी करायची आणि तपासणाऱ्याने खड्ड्यात उतरून खालून बघायचं. यांच्यापुढे नऊ गाड्या होत्या. एकेक गाडी पुढे सरकत होती तशी तोळामाशाची घालमेल वाढत होती. आठ राहिल्या तेव्हा त्याने ठरवलं, छोटीला आत्ताच सांगू. पाच राहिल्या तेव्हा ठरवलं, सोमवारचं काम सुरू होऊ दे, फिल्टर मागवू, तीन आठवड्यांत बसवून टाकू, तीन आठवड्यांनी काय होतंय? दोन राहिल्या तेव्हा त्याला आठवलं की थोडे दिवसच चालवायचंय असं म्हणणारे दुकानदारही त्याने थोडेथोडके पाहिले नव्हते. छोटी शेजारी मांडीवर पिशवी घेऊन सरळ बसली होती.

रांगेच्या तोंडाशी तपासणारी बाई उभी होती. तिने यांना पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. पंचवीस वर्षांपूर्वी ती तोळामाशाच्या हाताखाली दोन वर्षं शिकायला होती. शिक्का कसा धरायचा, किती जोराने मारायचा, हे तिला यानेच शिकवलं होतं. तिने त्याला वाकून नमस्कार केला आणि छोटीला सांगितलं की सर म्हणजे आमच्या काळी नुसत्या नावाने दुकानदारांचं धाबं दणाणायचं. तोळामाशाला ते ऐकवेना.

आधी धूर मोजायचं यंत्र लावलं. नळीत एक काठी सारतात आणि इंजिन जोरात फिरवतात. तोळामासा मनातल्या मनात यंत्राची विनवणी करत होता. यंत्रानेच पकडलं तर प्रश्नच मिटला. आपण काही बोलायला नको, छोटीपुढे आपणही तिच्याइतकेच फसलेले. पडद्यावर आकडा चढला, थांबला, उतरला. मर्यादेच्या आत. जुन्या गाड्यांसाठीची मर्यादा सैल होती आणि इंजिन चांगलं तापलेलं होतं. बाईने तक्त्यावर खूण केली.

मग ती विजेरी घेऊन खड्ड्यात उतरली. ब्रेक, सांधे, नळी. विजेरीचा झोत त्या डब्यावर आला, थांबला आणि पुढे गेला. तिने खालूनच आवाज दिला, "फिल्टर जागेवर आहे," आणि वर येऊन दुसरी खूण केली.

टेबलावर दाखल्याचा कागद होता, शेजारी शाईचा पॅड. बाईने शिक्का उचलला. म्हणाली, "खरं तर तुमची गाडी मी काय तपासणार सर? तुम्ही हात लावलाय म्हणजे आम्ही डोळे मिटून शिक्का मारायचा."

शिक्का पॅडवर टेकला, वर आला. त्याला शिसं दिसलं. बुडाचं भोक, आत काही नाही, तोंडावर चकचकीत पापुद्रा आणि त्या पापुद्र्यावर आपलंच नाव कोरलेलं.

"थांब," तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. "तो डबा वाजवून बघ."

बाईला आधी कळलं नाही. मग कळलं. शिक्का टेबलावर ठेवून ती पुन्हा खड्ड्यात उतरली आणि विजेरीच्या बुडाने तिने डबा वाजवला. आवाज छपराखाली घुमला. शेजारच्या रांगेतला माणूसही वळून बघायला लागला. तिने दुसऱ्यांदा वाजवलं नाही. एकदाच पुरे असतं, हे तिला तिच्या गुरूनेच शिकवलं होतं.

ती वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण मघाचं हसूही नव्हतं. "तुम्हाला कधी कळलं, सर?"

"काल."

"मग आज आणलीत कशाला?"

त्याने टेबलावरचा कागद तिच्याकडे सरकवला. कागदावर तिने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली. दोन्ही रेघा सरळ होत्या. फुली चांगली मारायलाही तिला यानेच शिकवलं होतं. दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही, म्हणून किल्ली तिथेच जमा करावी लागली. छोटीने ती स्वतःच्या पिशवीतून काढून दिली. किल्लीला तिने कापडाचा एक छोटासा शाळेचा बूट शिवून लावला होता. तो तिने सोडवून घेतला.

परतीच्या बसमध्ये छोटी खिडकीशी बसली आणि तोळामासा दांड्याला धरून उभा राहिला, बसायला जागा असूनही. त्याला वाटत होतं, आता ती बोलेल. आयुष्यभर लोकांचं माप काढत फिरलास आणि घरच्या गाडीचं माप काढता आलं नाही, असं काहीतरी. ती तसं बोलली असती तर त्याला हायसं वाटलं असतं. बसमधून उतरून इमारतीपर्यंत यायला सात-आठ मिनिटं लागतात. अर्ध्या वाटेत त्यानेच तोंड उघडलं.

"मी तुला कालच सांगायला हवं होतं."

"मला कालच कळलं होतं," छोटी म्हणाली.

तो थांबला. ती चालत राहिली, मग तीही थांबली. "स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते, दादा. मी कपडे बदलून निघाले होते. तू गाडीखाली पालथा-उताणा होऊन वाजवत होतास. तू कुठलीही वस्तू एकदा वाजवतोस. काल आठ वेळा वाजवलीस. मी मोजलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू काय करतोस ते बघत होते." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तू गप्प बसला असतास तर मीही गप्प बसणार होते. मी सोमवारी त्या पोरांना नेलं असतं. दादाने बघितलंय असं म्हटलं असतं आणि नेलं असतं."

ती आपल्याला दोष देईल हे त्याने धरलं होतं. पण आपण पस्तीस वर्षांत मिळवलेलं नाव तिने स्वतःच्या मनाच्या कौलाच्या जागी ठेवून दिलं होतं, आणि ते नाव काल दुपारपासून आज सकाळी दहापर्यंत आतून रिकामं होतं, हे त्याला आत्ता कळलं. त्याला रडू आलं. भर रस्त्यात, लोक येत-जात असताना, सदऱ्याच्या बाहीने त्याने डोळे पुसले. रुमाल कालच काळा झाला होता.

"शिक्का वर उचलेपर्यंत मलाच माहीत नव्हतं मी काय करणार ते," तो म्हणाला.

"दिसत होतं," छोटी म्हणाली.

दुपारी तो एकटा शाळेत गेला आणि आपली चिठ्ठी परत मागितली. तिथल्या कारकुनाला कळेना की दिलेली चिठ्ठी कोणी परत कशाला नेईल. त्याने कपाटातून शोधून दिली. तोळामाशाने ती तिथेच त्याच्यासमोर आडवी फाडली आणि गाडी का चालणार नाही ते सांगितलं. सोमवारी नदीपलीकडच्या सहा मुलांना दुसऱ्या कोणाची तरी गाडी घ्यायला गेली. छोटीने सकाळी खिडकीतून ती जाताना पाहिली.

छोटी अकरा दिवस त्याच्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही. जेवणाचं ताट झाकून जिन्याच्या कठड्यावर ठेवायची आणि दार लावून घ्यायची. हा ताट घेऊन वर जायचा, जेवायचा, भांडी घासून पुन्हा तिथेच आणून ठेवायचा. एकदा त्याने भांड्यांत माफीची चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी तशीच दुसऱ्या दिवशीच्या ताटाखालून परत आली, फक्त त्यातली शुद्धलेखनाची एक चूक तिने सुधारली होती. सीटांच्या रंगीत खोळी उसवून तिने त्यांची पायपुसणी केली आणि जिन्याच्या प्रत्येक दारापुढे एकेक टाकलं. त्याच्या दारापुढेही टाकलं. तो पाय पुसताना त्यावर उभा राहायचा नाही, ओलांडून जायचा.

फिल्टर त्याने मागवला होता. तो आला की घ्यायच्या आधी वाजवायचा आणि तराजूत टाकायचा, एवढं त्याने हसऱ्याला बजावून ठेवलं होतं. ते ऐकून हसऱ्या पहिल्यांदाच हसला नाही.

बाराव्या दिवशी संध्याकाळी दारावर थाप पडली. उघडलं तर छोटी, दोन्ही हातांत एक मोठं कलिंगड. ती आत आली, कलिंगड टेबलावर ठेवलं आणि ते गडगडू नये म्हणून त्याच्या खाली पंचा वळून सारला. तोळामासा सवयीने पुढे झाला, बोटाचं पेर वर केलं.

छोटीने त्याचा हात बाजूला केला. ती वाकली, कान जवळ नेला आणि स्वतःच्या बोटाने कलिंगड वाजवलं. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मान तिरकी करून तिने नीट ऐकलं. आजवर तिने एकही वस्तू कधी वाजवून घेतली नव्हती. दादा होता ना.

"आता तू वाजव," ती म्हणाली.

त्याने वाजवलं. आवाज खोल आला.

"पोकळ," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं," छोटी म्हणाली, आणि सुरी आणायला आत गेली.